कोल्हापुरात गाडीसाठी भरवशाचा मेस्त्री कुणी सांगेल का?

कळंबा_ते_कागल

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचून सांगा.

माझ्याकडं २०१५ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, ८१ हजार किलोमीटर झालेत. गाडी बाबांची. ते होते तोवर मला गाडीचं कधी काही बघावंच लागलं नाही, शाहूपुरीत त्यांचे एक मेस्त्री होते, वीस-बावीस वर्षं आमच्या सगळ्या गाड्या त्यांच्याकडंच, आधीची मारुती ८०० सुद्धा. बाबा सकाळी गाडी लावून, तिथंच चहा पिऊन चालत घरी यायचे आणि संध्याकाळी गाडी दारात. बिलावरून घरात कधी चर्चा झालेली मला आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी मेस्त्रींनी गुडघ्यामुळं गॅरेज बंद केलं, आणि गेल्या वर्षी बाबा पण गेले. आता गाडी मी चालवते, रोज कागल एमआयडीसीला, आणि हायवेच्या सहापदरीकरणामुळं सर्व्हिस रोडची जी अवस्था आहे ती इथल्या सगळ्यांना माहीतच आहे.

तर प्रॉब्लेम असा की गेले दोन महिने पुढून डाव्या बाजूनं टुक टुक असा आवाज येतो. सपाट रस्त्याला नाही, बारीक खड्डे किंवा खडी आली की. पहिल्यांदा एका मोठ्या चकचकीत गॅरेजात नेली, त्यांनी मला काचेच्या पलीकडं एसीत बसवलं आणि दहा मिनिटांत कागद हातात दिला: दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, स्टिअरिंग रॅक, वर अलाइनमेंट, सगळे मिळून ३४,५००. गाडी चालवून सुद्धा बघितली नव्हती. दुसरा घराजवळचा, तो म्हणाला डावा शॉकअप लीक आहे, ११ हजारात जोडी बदलून देतो. तिसरा म्हणाला मॅडम गाडी दहा वर्षांची झाली, आवाज येणारच, रेडिओ लावा. आणि यातल्या दोघांनी मला विचारलं, घरी भाऊ किंवा मिस्टर आहेत का, त्यांना फोन द्या, त्यांना समजावून सांगतो. गाडी मी चालवते, आवाज मी ऐकते, पैसे मी देणार, आणि समजावून कुणाला तर माझ्या धाकट्या भावाला, ज्याला लायसन्स पण नाही. त्या दिवशी घरी येऊन मी खरंच रडले, पैशासाठी नाही, बाबांची आठवण आली म्हणून.

नाव-नंबर इथं उघड टाकू नका, मेसेज करा चालेल. पण नुसतं नाव नको, उद्या तो मेस्त्री पण बंद झाला तर मी परत इथंच. चांगला मेस्त्री ओळखायचा कसा ते सांगा.

रंकाळ्यावरचा_वारा

ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या तिसऱ्या गॅरेजवाल्याला तर काय बोलावं.

माझा अनुभव सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आमची गाडी व्हीनस कॉर्नरजवळ भावाच्या अपार्टमेंटच्या पार्किंगला होती, पाणी सीटच्या वर गेलेलं. तोपर्यंत माझा मेस्त्री म्हणजे फक्त ऑइल बदलून देणारा माणूस, फार ओळख नाही. पाणी उतरल्यावर मी त्याला फोन केला तर पहिलं वाक्य, चावीला हात लावू नका, स्टार्टर मारू नका, बॅटरीची वायर काढा आणि सगळ्या बाजूनं फोटो काढून आधी इन्शुरन्सला कळवा, सर्व्हेअर बघून जाईपर्यंत मी बोनेट उघडणार नाही. त्याच्या दारात त्या आठवड्यात गाड्यांची रांग होती, तो काय बी सांगून पैसे घेऊ शकला असता. शिरोलीजवळ हायवेवर पाणी होतं, पुण्याकडनं माल येत नव्हता, तर तो सरळ म्हणाला आठ दिवस थांबा, मिळेल तो पार्ट बसवून देणार नाही. नंतर टो करून नेली, प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढलं, ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं झालेलं, ते दोनदा बदललं, आणि गाडी आजपण चालू आहे.

त्याच पार्किंगमधल्या शेजाऱ्यानं घाईनं स्टार्टर मारला. पाणी काय दाबलं जात नाही, त्यामुळं पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकला, इंजिन उघडायला लागलं, आणि पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर नव्हतं म्हणून क्लेम पण नाकारला. पंचगंगेच्या पट्ट्यात गाडी लावणाऱ्या प्रत्येकानं ते कव्हर घ्या हे मी भेटेल त्याला सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याची ३९ फुटाची इशारा पातळी आली की गाडी उंचावर न्या, ४३ च्या धोका पातळीची वाट बघू नका.

सांगायचा मुद्दा, जो माणूस काम हातात असताना "आत्ता करू नका" म्हणतो तो आपला मेस्त्री. नाव मेसेज केलंय, मंगळवार पेठेत आहे, गॅरेज बारकं आहे, बसायला खुर्ची पण धड नाही.

लालपरी_३१_वर्षं

बाळ, मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली, आता घरी असतो. टायपिंग सावकाश होतं, चुका झाल्या तर समजून घे.

तुझं वर्णन वाचून मला आधी लिंक रॉडचा संशय येतोय, म्हणजे पुढच्या दोन चाकांमध्ये आडवा स्टॅबिलायझरचा दांडा असतो, त्याच्या टोकाची जोडणी. बारीक खड्ड्याला टुक टुक आणि मोठ्या गतिरोधकाला दोन्ही चाकं एकदम चढली की आवाज कमी, असं होतंय का बघ. होत असेल तर संशय आणखी पक्का, कारण दोन्ही चाकं बरोबर वर गेली की त्या दांड्याला पीळ बसत नाही. एक चाक खड्ड्यात आणि एक वर असलं की बसतो. हे काम हजार-दोन हजारातलं आहे. पण मी गाडी बघितलेली नाही, हे लक्षात ठेव.

शॉकअप लीक आहे म्हणतात त्याची परीक्षा तू स्वतः कर. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून ठेव म्हणजे चाकामागचा शॉकअप दिसतो. कोरड्या फडक्यानं तो पुसून घे, तीन दिवस गाडी चालव आणि परत बघ. ऑइलचा ओला ओघळ परत आला असेल तर लीक. नुसता मळ आणि चिखल असेल तर तो रस्त्याचा आहे. पावसात सगळेच शॉकअप ओले दिसतात.

आता मेस्त्री ओळखायचा कसा. जो आधी प्रश्न विचारतो तो. आमच्याकडं ड्रायव्हर गाडी डेपोत लावून तक्रार लिहायचा आणि जुने मेस्त्री तेवढ्यावर कधी पाना उचलायचे नाहीत, ड्रायव्हरला बोलावून घ्यायचे. आवाज कधी येतो, गाडी गार असताना का तापल्यावर, वळणावर का सरळ, ब्रेक दाबल्यावर का सोडल्यावर. कारण आवाज स्वतःच सांगत असतो: पूर्ण वळण घेताना कटकट कटकट आली तर एक्सलचा जॉइंट बघायचा, वेग वाढेल तसा घूं आवाज वाढत गेला तर चाकाचं बेअरिंग किंवा टायर, ८० च्या पुढं स्टिअरिंग थरथरलं तर आधी व्हील बॅलन्सिंग, ब्रेकला किर्र आली तर पॅड. ज्यानं गाडीत बसून एक चक्कर न मारता कागद हातात दिला त्यानं तुझं काही ऐकलंच नाही, मग तो ३४ हजार सांगो का ३ हजार. आणि चक्कर मारताना गाडी तू चालव, त्याला शेजारी बसव. तुला माहीत आहे आवाज कुठं येतो.

भावाला फोन द्या म्हणणाऱ्याकडं परत जाऊ नकोस. गाडीचं दुखणं चालवणाऱ्यालाच कळतं.

एक वही कर. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले. तुझ्या बाबांच्या मेस्त्रींच्या डोक्यात ती वही होती, म्हणून घरी कधी चर्चा व्हायची नाही. आता ती तुझ्याकडं पाहिजे.

ताराबाई_पार्ककर

मी जरा वेगळं सांगतो. एवढा शोध घेण्यापेक्षा सरळ कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या. कॉम्प्युटर बिल मिळतं, पार्ट ओरिजिनल असतात, कामाची वॉरंटी असते, पुढं गाडी विकताना सर्व्हिस हिस्टरी दाखवता येते. थोडे जास्त जातात पण डोक्याला ताप नाही. गल्लीतल्या गॅरेजात काय बसवलं आणि काय काढून घेतलं कोण बघतंय?

फुलेवाडी_गॅरेज

वरच्या साहेबांना उत्तर द्यायचंय कारण मी स्वतः गल्लीतला गॅरेजवाला आहे, फुलेवाडीला, १४ वर्षं झाली. माझी जाहिरात करायची नाहीय, ताईंनी आधी मंगळवार पेठेतच जावं, तिथला कुठला माणूस सांगितलाय ते मला कळलंय आणि चांगला आहे.

वॉरंटीत असलेली गाडी अधिकृतला द्या हे मी पण गिऱ्हाईकाला सांगतो, तिथं दुमत नाही. पण दहा वर्षांच्या गाडीला तोच न्याय लावायचा काय? आणि आमच्याकडं पार्ट ओरिजिनल मिळत नाही असं वाटत असेल तर त्याला पण इतिहास आहे. कंपन्या सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ साली १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोकला होता. म्हणजे गल्लीतला माणूस कमी पडत होता तर त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. आता ओरिजिनल पार्ट काउंटरवर मिळतो, खोक्यावर एमआरपी आणि पार्ट नंबर छापलेला असतो, तो गिऱ्हाईकानं बघून घ्यायचा. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या पार्टांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तर जुन्या एमआरपीचा माल कुणी जुन्याच भावानं लावत असेल तर विचारा.

आता मनापासून एक गोष्ट लिहितो, राग मानू नका. आमच्यातले लोक फसवतात, खरं आहे. एसीचा गॅस दरवर्षी भरायला लागतो म्हणून सांगतात, तो काय पेट्रोलसारखा जळत नाही, कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे, ते शोधायचं सोडून नुसता भरून देणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं गिऱ्हाईक बांधून ठेवणं. गाडी सकाळी चालू झाली नाही की बॅटरी गेली म्हणून पाच हजाराची बॅटरी गळ्यात, मीटर लावून बघत पण नाहीत. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनला साधारण १३.८ ते १४.५ दाखवत असेल तर आधी टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ करा, निम्म्या गाड्या तिथंच चालू होतात. चेक इंजिनची लाइट लागली की स्कॅनर लावायचा आणि जो कोड येईल तो सेन्सर बदलायचा, हा नवा प्रकार. कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे. पी०४२० हा कोड आला म्हणून सरळ कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा भाग, बदलायला सांगितलेला मी बघितलाय, प्रत्यक्षात सायलेन्सरच्या जॉइंटला गळती होती.

पण हे का होतं ते पण ऐका. माझ्याकडं माणूस येतो, दीड लाखाचा फोन खिशात, मी सर्व्हिसिंगची मजुरी ९०० सांगतो, तो म्हणतो ५०० घे. मजुरी कुणालाच द्यायची नसते. पार्टचे पैसे मात्र न बोलता देतात, कारण तो डोळ्याला दिसतो. मग मेस्त्री काय शिकतो? मजुरी ५०० लावायची आणि पार्टात काढायचे. स्पेअरच्या दुकानात आम्हाला १० ते १५ टक्के सुटतात. म्हणजे जितके जास्त पार्ट बदलीन तितकं माझं घर चालणार. दोन तास आडवं पडून, लिंक रॉडच आहे हे शोधून काढलं आणि ७०० चा पार्ट बसवला तर मला सुटले १००, आणि न बघता दोन शॉकअप मारले तर हजार-बाराशे. पोरं हाताखाली चार आहेत, पगार द्यायचाय. मी तसं करत नाही, पण महिन्याच्या २५ तारखेला मनात येत नाही असं म्हणणार नाही.

म्हणून ताई, जाल तिथं पहिल्यांदा सांगा, शोधायची मजुरी वेगळी देते, काही बदलायला लागलं नाही तरी देते. ज्याला काम येतं त्याला हे ऐकून बरं वाटतं, आणि ज्याला नुसता माल विकायचाय तो गडबडतो. जुना पार्ट परत मागा, नेहमी. मी तर न मागता डिकीत टाकतो.

रंकाळ्यावरचा_वारा

भावा, एक नंबर लिहिलंस. मजुरीवर घासाघीस मी पण केलीय, वाचून लाज वाटली.

ताराबाई_पार्ककर

हे मान्य. शोधायच्या कामाचे पैसे वेगळे द्यायचे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तरी एक सांगतो, अधिकृत असो का बाहेरचं, कामाआधी लेखी एस्टिमेट घ्या आणि त्यातलं जे नको ते तिथंच खोडून सही करा. माझ्या बिलात एकदा इंजिन फ्लश आणि एसी डिसइन्फेक्शन असं न विचारता लावलं होतं, सही केलेला कागद माझ्याकडं होता म्हणून काढून घेता आलं. नाहीतर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथं तक्रार नोंदवता येते.

उद्यमनगर_लेथ

थोडं राहिलेलं सांगतो. आपल्या गावात एक सोय आहे जी भल्याभल्या शहरात नाही, ती म्हणजे शिवाजी उद्यमनगर, मशिन-वर्कशॉपची वसाहत. हेड फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, ड्रम-डिस्क टर्निंग, म्हणजे इंजिनचे आणि ब्रेकचे झिजलेले भाग मशिनवर घासून परत सरळ करणं, सगळं एका हाकेवर. त्यामुळं कुणी "डिस्क गेली, नवीनच घाला" किंवा "हेड वाकलं, नवीन घाला" म्हणाला तर लगेच हो म्हणू नका, इथं मोजून घ्या. कंपनीनं दिलेल्या मर्यादेत बसत असेल तर मशिन मारून तेच चालतं, जाडी त्याखाली गेली असेल तर आम्हीच सांगतो की टाका आता. चांगल्या मेस्त्रीची पोरं दिवसातनं दोनदा आमच्याकडं दिसतात, काहीतरी हातात घेऊन. हे पण एक ओळखायचं लक्षण, तो दुरुस्त करतो का नुसता बदलतो.

कळंबा_ते_कागल

सगळ्यांचे आभार मानायला आणि काय झालं ते सांगायला आलेय.

काकांनी सांगितल्याप्रमाणं शॉकअप पुसला, तीन दिवस कागल करून परत बघितला, कोरडा ठणठणीत. गतिरोधकाचं पण तसंच निघालं, दोन्ही चाकं एकदम गेली की आवाज जवळजवळ नाही. मग शनिवारी मंगळवार पेठेत गेले. गल्ली एवढी बारकी की गाडी मागं घेताना घाम फुटला. मेस्त्री पन्नाशीचे असतील. मी आधीच म्हणून टाकलं की शोधायची मजुरी वेगळी देते. त्यांनी हात पुसले, एक मिनिट माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, ताई आवाज गाडी गार असताना जास्त येतो का? तिथंच मला बरं वाटलं. स्वतः चालवायला मागितली नाही, शेजारी बसले, म्हणाले तुम्ही नेता तशीच न्या. एक चक्कर झाली, परत येऊन गाडीखाली गेले, आणि मला वाकून बघायला लावलं. लिंक रॉड हातानं धरून हलवला तर टक टक टक, तोच आवाज, दोन महिने जो ऐकत होते तो. दुसऱ्या बाजूचा पण थोडा सैल होता.

दोन लिंक रॉड, स्टॅबिलायझरचे रबरी बुश आणि मजुरी मिळून २,३५०. लोअर आर्मचे बुश दाखवले, म्हणाले चिरा पडायला लागल्यात पण अजून एक पावसाळा जातील, आत्ता करू नका. (रंकाळावाले, अगदी तुमचं वाक्य.) मी अलाइनमेंट करायची का विचारलं तर म्हणाले लिंक रॉडनं अलाइनमेंट हलत नाही, लोअर आर्म करू तेव्हा करा. जुने पार्ट पेपरात गुंडाळून डिकीत ठेवले.

बिल देताना त्यांनी गाडीचा नंबर बघून विचारलं, ही शाहूपुरीतल्या मेस्त्रींकडं यायची काय? ते तरुणपणी सहा वर्षं त्यांच्याच हाताखाली होते. बाबांचं नाव सांगितलं तर म्हणाले, चहा प्यायचे ते साहेब. मला पुढं बोलता आलं नाही, आणि त्यांनी पण मग काही विचारलं नाही, पोराला सांगून चहा मागवला.

वही घेतलीय काका. पहिल्या पानावर ८१,४०६ लिहिलंय.

लालपरी_३१_वर्षं

फार बरं वाटलं. पाचशे किलोमीटर झाले की एकदा जाऊन लिंक रॉडचे नट टाइट आहेत का बघून घे, पाच मिनिटांचं काम आहे. ते पण वहीत लिही. आणि त्यांना विचार शाहूपुरीचे मेस्त्री आता कसे आहेत, जमलं तर गाडी घेऊन भेटून ये त्यांना.